मानसोपचार संशोधन : संदर्भांचे गणित आणि बीड

वैद्यकीय नियतकालिकाचे वजन बहुधा 'इम्पॅक्ट फॅक्टर' या निर्देशांकाने मोजले जाते. मागील दोन वर्षांतील १०० लेखांचा संदर्भ एखाद्या वर्षी इतर लेखांत २०० वेळा दिला गेला, तर हा निर्देशांक २ होतो. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या संदर्भसूचीच्या कल्पनेत त्याचे मूळ आहे.

भारतीय मानसोपचार संघटनेचे 'इंडियन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री' १९४९ पासून, तर तिच्या पश्चिम विभागीय शाखेचे 'अ‍ॅनल्स ऑफ इंडियन सायकिअ‍ॅट्री' २०१७ पासून निघते. शेतकरी आत्महत्यांवरील बेहेरे व भिसे यांचा लेख २००९ साली पहिल्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

बीडसाठी असे लेखन मोलाचे आहे. २०१५-१६ चे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण १२ राज्यांत झाले. त्यांत महाराष्ट्र नव्हता. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी शासनाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'प्रेरणा प्रकल्पा'च्या १४ जिल्ह्यांत मात्र बीडचा समावेश होता. एखाद्या लेखामुळे आशा कार्यकर्तीच्या प्रशिक्षणात किंवा अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयातील उपचारांत सुधारणा झाली, तरी इम्पॅक्ट फॅक्टरमध्ये तिची नोंद होत नाही. त्यामुळे स्थानिक संशोधनाचे मोल केवळ संदर्भसंख्येवरून ठरविता येत नाही.