लोणार विवराच्या 'ज्वालामुखी' उत्पत्तीचा समज : एक ऐतिहासिक मागोवा

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे विवर उल्कापाताने निर्माण झाले, हे आज सर्वमान्य आहे. तथापि एकोणिसाव्या शतकापासून दीर्घकाळ ते ज्वालामुखीजन्य मानले जात होते. हा समज केवळ अज्ञानातून आला, असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल.

जुन्या नोंदींत लोणार येते ते क्षारांमुळे व तीर्थमाहात्म्यामुळे. अबुल फजलच्या 'ऐन-ए-अकबरी'त ब्राह्मण या स्थळास विष्णुगया म्हणतात असा उल्लेख असून, काच व साबण यांसाठी लागणारी द्रव्ये येथे मिळतात, अशीही नोंद आहे. स्थानिक आख्यायिकेनुसार विष्णूने पायाच्या अंगठ्याने झाकण उडवून भूमीखाली लपलेल्या लवणासुराचा वध केला. गावातील दैत्यसूदन मंदिर याच कथेशी निगडित आहे. जमिनीचे झाकण उडाल्याची ही कल्पना, योगायोगाने का होईना, पुढील भूवैज्ञानिकांच्या स्फोटकल्पनेच्या फार जवळची आहे.

1823 मध्ये जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने सरोवराची दखल घेतली. त्यानंतरच्या अभ्यासकांपुढे चहूकडे पसरलेला बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हाच होता. अशा प्रदेशात सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा वर्तुळाकार खळगा दिसल्यावर ज्वालामुखीखेरीज अन्य कारण कोणास सुचावे? मेडलिकॉट व ब्लॅनफर्ड यांनी 1879 च्या ग्रंथात स्फोटाचेच कारण मानले. अडचण कालगणनेची होती. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. विवराचे काठ मात्र अद्याप ठळक, आणि त्याभोवती नव्या लाव्हाचा मागमूस नाही. जी. के. गिल्बर्ट यांनी 1896 मध्ये ॲरिझोनातील विवराशी लोणारची तुलना केली. तुलना अचूक होती. परंतु ॲरिझोनाचे विवरही त्यांनी वाफेच्या स्फोटाचेच ठरविले होते. योग्य साम्यावरून चुकीच्या निष्कर्षाला बळ मिळाल्याचे हे बोलके उदाहरण आहे.

1964 मध्ये लाफाँ व डिट्झ यांनी उल्कापाताची शक्यता मांडली. निर्णायक पुरावा विवराच्या आकारातून मिळाला नाही, तो खडकांच्या कणांतून मिळाला. फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम् यांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात तळाच्या वेधन-नमुन्यांत मास्केलिनाइट, म्हणजे आघाताच्या प्रचंड दाबाने काचरूप झालेले फेल्डस्पार, आढळल्याचे दाखविले. असा दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही.

2000 मध्ये विवर परिसर अभयारण्य झाला व 2020 मध्ये सरोवर रामसर यादीत आले. काठावर गोड्या पाण्याची धार, तळाशी तीव्र अल्कधर्मी पाणी आणि मध्ये उतारावरील वन, असा हा दुर्मीळ परिसर त्यामुळे संरक्षित झाला. आघाताने बाहेर फेकल्या गेलेल्या खडकांचा थर मात्र विवराबाहेर, बव्हंशी शेतजमिनीखाली व गावठाणालगत आहे. वयाचा वाद मिटविण्यासाठी त्याच थरातील काच महत्त्वाची ठरते : एका मापनानुसार विवर सुमारे 52,000 वर्षांचे, तर 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनानुसार सुमारे 5,70,000 वर्षांचे आहे.