डिंभ्याच्या पाण्याखालचं दप्तर

मंडळी, विहिरीच्या ओल्या पायरीवरून पाय सटकतो, तेव्हा आपण म्हणतो, 'शेवाळ धरलंय.' तो बुळबुळीत थर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर एक वस्तीच दिसते: डायटम, हिरवं आणि निळं-हिरवं शेवाळ, जिवाणू, शिवाय त्यांना खाणारे बारीक जीव. बुडालेल्या दगडा-लाकडाला चिकटून राहणाऱ्या या वस्तीला शास्त्रात पेरिफायटॉन म्हणतात. तिचाही इतिहास लिहिता येतो का, हे अवसरी बुद्रुकमध्ये बसून आज आपण पाहू.

पाणी ऋतूप्रमाणे बदलतं, ही नोंद जुनी आहे. हॉलंडच्या लेवेनहूकने १६७४ मध्ये एका तळ्याबद्दल लिहिलं, की हिवाळ्यात पाणी स्वच्छ असतं आणि उन्हाळ्यात त्यात हिरवट ढग तरंगतात. ते थेंब त्याने भिंगाखाली पाहिले.

आपल्याकडे हे काम नेटाने केलं ते एच. पी. गांधी यांनी. पन्हाळगडावरच्या गोड्या पाण्यातल्या डायटमांवरचा त्यांचा निबंध १९५९ साली 'हायड्रोबायोलॉजिया'त छापून आला. पुढे १९८४ मध्ये सरोदे आणि कामत यांचा महाराष्ट्रातल्या डायटमांवरचा ग्रंथ निघाला. आज पन्हाळ्याचं पाणी किती बदललं, असं कुणी विचारलं, तर ताडून बघायला हातात काहीतरी आहे, ते यामुळे.

आता आपल्या घोड नदीकडे या. इथून पश्चिमेला, घोडेगावच्या पुढे डिंभे धरण आहे. वाहत्या नदीचा तलाव झाला आणि जुनं आंबेगाव पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तिथली देवळं उघडी पडतात. त्या दगडांवर वर्षाचा फेरा कसा चालतो बघा. पावसाळ्यात गढूळ पाण्यातून ऊन खाली पोचत नाही, लोंढा थर खरवडून नेतो. पाणी निवळलं, थंडी पडली, की तपकिरी डायटम जोर धरतात. उन्हाळ्यात पाणी तापतं, तसं हिरवं आणि निळं-हिरवं शेवाळ वाढू लागतं. पाणी आणखी उतरलं की दगड उघडा पडतो, थर वाळून जातो. आषाढात पाटी पुन्हा कोरी.

पण सगळंच पुसलं जात नाही. डायटमचं कवच सिलिकाचं, म्हणजे काचेच्याच जातीचं. ते गाळात टिकतं. खत आणि सांडपाणी पाण्यात उतरलं की काही जाती हटतात, काही माजतात. म्हणून तळाचा गाळ हे एक दप्तरच आहे. पिण्याचं पाणी आणि ऊस-कांद्याची शेती ज्या नदीवर आहे, तिचं हे दप्तर आपल्याला वाचता यायला हवं.

त्याची सुरुवात अगदी साधी आहे. शाळेतल्या काचपट्ट्या दोरीला बांधून पाण्यात सोडायच्या, महिन्याने काढायच्या, जागा आणि तारीख लिहून जपून ठेवायच्या. पन्हाळ्याची नोंद कुणीतरी करून ठेवली म्हणून आज आपण ती चाळतो. घोड नदीची आपण करून ठेवू.