हरणासाठीं कोणतें काडतूस ?

शाळेंत इतिहास शिकवीत असतांना एका मुलानें मला विचारलेला प्रश्न अद्याप माझ्या स्मरणांत आहे. १८५७ चा धडा चालला होता. काडतुसांना लावलेल्या चरबीची हकीकत मीं सांगितली, तेव्हां तो मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, काडतूस दातांनीं तोडायचें कशाला? आमच्या आबांचें काडतूस तर पितळेच्या बुडाचें आहे. तें तोडतांच येत नाहीं." वर्ग हंसला; मी मात्र निरुत्तर झालों. घरीं येऊन पुस्तकें चाळलीं तेव्हां ध्यानांत आलें कीं, काडतूस हा शब्द एकच राहिला, परंतु वस्तु पार बदलून गेली. त्या बदलाबरोबर आमच्या वर्धा जिल्ह्यांतील रान आणि शेत यांचें नातेंही बदललें. तीच कथा आज आपणांपुढें मांडावयाची आहे.

नागपूरचें राज्य इंग्रजांनीं १८५४ सालीं खालसा केलें. नागपुरापासून वर्धा जिल्हा वेगळा झाला तो १८६२ सालीं, आणि वर्धा शहराची उभारणी झाली १८६६ मध्यें. त्या काळची बंदूक ठासणीची. आधीं नळींत दारू ओतावयाची, मग चिंधी, मग शिशाची गोळी, आणि वरून गजानें ठासावयाचें. सैनिकाला एवढी सवड कोठून असणार? म्हणून मोजून घेतलेली दारू आणि गोळी कागदाच्या एका पुडींत बांधून देत. तीच पुडी म्हणजे त्या काळचें काडतूस. दारू नळींत ओतण्यासाठीं पुडीचें टोंक दातांनीं तोडावें लागे, आणि कागद ओलसर होऊं नये व गोळी सुलभपणें खालीं उतरावी म्हणून त्यास स्निग्ध लेप असे. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर हें असें होतें.

रानांतल्या शिकाऱ्यास मात्र पुडीचें बंधन नव्हतें. समोर ससा असेल तर चिमूटभर दारू आणि बारीक छर्रे. सांबर असेल तर दारू अधिक आणि एकच मोठी गोळी. काडतुसाची निवड तो स्वतःच्या तळहातावर करीत असे. मध्यप्रांतांत वनखात्यांत व मुलकी कामांत आयुष्य घालविलेला कॅप्टन जेम्स फोर्सिथ यानें या निवडीस शास्त्राचें रूप दिलें. मध्य हिंदुस्थानांतील डोंगरी मुलखावरील त्याचा प्रसिद्ध ग्रंथ १८७१ सालचा. परंतु त्यापूर्वींच त्यानें शिकारी रायफलीवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिलें होतें. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, आपल्या रानांत फार लांबचा नेम क्वचितच साधावयाचा असतो. शिकाऱ्याची खरी चूक होते ती अंतर ओळखण्यांत. तेव्हां गोळी वाटोळी व वजनदार घ्यावी, नळीच्या आंतले आटे सैल ठेवावे आणि दारू भरपूर घालावी. म्हणजे गोळी पहिल्या दीडशें पावलांत फारशी खालीं झुकत नाहीं आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम चुकत नाहीं. यंत्रानें माणसाच्या चुकीस थोडी जागा ठेवावी, हा त्यांतला विचार मला आजही मोलाचा वाटतो.

येथें थोडें गणित सांगितल्यावांचून माझ्यांतला शिक्षक स्वस्थ बसणार नाहीं. आपण 'बारा बोर'ची बंदूक म्हणतों, ते बारा कशाचे? एक पौंड शिशाच्या बारा सारख्या वाटोळ्या गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळींत नेमकी बसेल ती नळी बारा बोरची. म्हणून सोळा बोर बारापेक्षां लहान. ही एक गोळी सुमारें सव्वातीन तोळ्यांची होते. उलट सैन्याच्या 'थ्री-नॉट-थ्री' रायफलींत ३०३ ही संख्या म्हणजे इंचाच्या हजार भागांपैकीं ३०३ भाग, हें नळीचें माप. तिची जुनी गोळी सव्वा तोळ्यालाही किंचित् कमी भरे. मग सव्वातीन तोळ्यांचें काम सव्वा तोळ्यानें कसें होऊं लागलें? उत्तर वेगांत आहे.

१८८६ सालीं फ्रेंचांनीं बिनधुराच्या दारूची लेबेल रायफल सैन्यास दिली. इंग्रजांची ३०३ ची रायफल १८८८ ची; तींतही लवकरच बिनधुराची दारू आली. गोळीचा वेग सेकंदास दोन हजार फुटांच्या घरांत गेला. एवढ्या वेगांत उघडें शिसें नळीच्या आट्यांत टिकत नाहीं, म्हणून गोळीस कठीण धातूचें कवच चढविलें. आणि येथें एक विलक्षण अडचण उभी राहिली. कवचाची अरुंद गोळी चितळाच्या अंगांतून सुईसारखी आरपार जाई. जनावर कोसळत नसे, कोसभर पळे आणि कोठेंतरी झुडपांत तडफडून मरे. त्यावर कलकत्त्याजवळच्या डमडम येथील कारखान्यांत तोड निघाली. गोळीच्या टोंकावरचें कवच काढून शिसें उघडें ठेवलें, म्हणजे अंगांत शिरतांच टोंक अळंब्यासारखें पसरतें. ती गोळी केली होती सैन्यासाठीं. परंतु हेग येथील १८९९ च्या परिषदेंत अशा पसरणाऱ्या गोळ्या युद्धांत वापरूं नयेत असा ठराव झाला. शिकारींत मात्र त्या राहिल्या, आणि तें योग्यच झालें. युद्धांत शत्रु जायबंदी झाला म्हणजे पुरे. शिकारींत जनावर जायबंदी होणें हेंच पाप. एकाच गोळीचें टोंक माणसासाठीं क्रूर आणि हरणासाठीं दयेचें ठरावें, हा इतिहासांतला विचार करण्याजोगा प्रसंग आहे.

इतकें झालें तरी अमुक काडतूस उत्तम हें शिकाऱ्यानें ठरवावें आणि तें त्यास मिळावें, असें आपल्या देशांत होत नव्हतें. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें परवान्यावांचून बंदूक बाळगणें गुन्हा ठरला. ज्या कायद्यास महात्माजींनीं पुढें इंग्रजी अमलाच्या अत्यंत काळ्या कृत्यांत गणलें, तोच हा. नंतर १९०७ च्या सुमारास सरकारनें नळीच्या मापावरही बोट ठेवलें. सैन्यांतलीं काडतुसें चोरून कोणाच्या खाजगी बंदुकींत जाऊं नयेत म्हणून ४५० आणि ३०३ हीं मापें खाजगी परवान्यांवर बंद झालीं. विलायती कारागिरांनीं लागलीच ४६५ व ४७० अशीं नवीं मापें काढलीं. हिंदी शिकाऱ्याच्या वांट्यास आली ती ३१५ ची रायफल. तिचें काडतूस मूळचें ऑस्ट्रियाच्या मान्लिखर रायफलीचें. गोळी एक तोळा आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून किंचित् अधिक. पुढें स्वतंत्र भारताच्या सरकारी कारखान्यांनींही हेंच माप चालविलें. हरणास कोणतें काडतूस, या प्रश्नाचें उत्तर असें पुष्कळ अंशीं कायद्यानें दिलें, प्राणिशास्त्रानें नव्हे. योगायोगानें तें उत्तर वाईट नव्हतें. शंभर-दीडशें पावलांवरच्या चितळास किंवा सांबरास मऊ टोंकाची ३१५ ची गोळी पुरेशी होती.

परंतु रायफल होती कितीजणांकडे? अधिकारी, मोठे मालगुजार आणि कांहीं हौशी वकील यांपलीकडे ती गेलीच नाहीं. सामान्य कास्तकारास पीकसंरक्षणाचा परवाना मिळाला तर एक ठासणीची अथवा एकनळी बारा बोरची बंदूक मिळे. बाकीच्यांचें शस्त्र म्हणजे माळा, गोफण, पत्र्याचें डबडें आणि रात्रभराची जागल. कापूस, ज्वारी, तूर आणि हरभरा या पिकांत रोही व रानडुक्कर शिरलें म्हणजे एका रात्रींत सालभराच्या कष्टांची माती होते. तें दुःख ज्यानें भोगलें नाहीं, त्यानें कास्तकारास दयेचे पाठ देऊं नयेत.

बारा बोरच्या बंदुकीची मर्यादा मीं लहानपणीं डोळ्यांनीं पाहिली आहे. आमचे मामा कोजागरीनंतरच्या एका रात्रीं माळ्यावर बसले होते. हट्ट करून मीही त्यांच्याबरोबर बसलों. ज्वारींत चितळांचा कळप आला. बंदुकींत 'एल्.जी.'चें काडतूस होतें. हा सर्वांत जाड छर्रा. एका औंसांत सहा बसतात. हे छर्रे तीस-पस्तीस पावलांपर्यंत एकत्र राहतात, पुढें पांगतात. त्या चांदण्यांत अंतर कमी भासलें. मामांनीं चाप ओढला, कळप उधळला, एक मादी अडखळली आणि नाहींशी झाली. सकाळीं पावलें मोजलीं, तीं सत्तर भरलीं. तिसऱ्या दिवशीं नाल्याच्या कांठीं ती मादी सांपडली. पोटांत एकच छर्रा गेला होता. मामा कांहीं बोलले नाहींत. त्यानंतर त्यांनीं माळ्यापासून पसतीस पावलांवर पळसाची एक फांदी रोवली आणि तिच्यापलीकडे कधीं बार काढला नाहीं. उत्तम काडतुसाविषयीं मीं पुढें जें वाचलें, त्या सर्वांचें सार त्या फांदींत होतें.

लहान उपद्रवी जनावरांची गोष्ट वेगळी. अमेरिकेंत कुरणें पोखरणाऱ्या प्राण्यांसाठीं १९३० नंतर बारीक पण अतिवेगवान् गोळ्यांचीं काडतुसें निघालीं. आपल्याकडे कोल्ह्या-सशासाठीं बारीक छर्ऱ्यांचें काडतूसच चाले, आणि त्यास सबळ कारण होतें. आमच्या सपाट काळ्या रानांत पऱ्हाटीच्या आड कोण वेंचणी करीत आहे, कोण गुरें वळीत आहे, हें दिसत नाहीं. रायफलीची गोळी मैलभर जाते. छर्रा चारदोनशें पावलांत निजतो. जनावराच्या मागें काय आहे, हाही काडतूस निवडण्याचाच प्रश्न आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीनें हा सारा व्यवहार मिटविला. हरणासाठीं कोणतें काडतूस, याचें आजचें उत्तर एकच : कोणतेंही नाहीं. बोरचें रान १९७० सालीं अभयारण्य झालें आणि २०१४ सालीं व्याघ्र प्रकल्प झालें. ज्या पुलगांवीं सैन्याच्या दारूगोळ्याचें प्रचंड भांडार आहे, त्याच्याच जिल्ह्यांतील कास्तकार आज रिकाम्या हातांनीं जागल करतो. कायद्याचें अकरावें कलम त्यास एक वाट ठेवतें : पीक वा जीवित धोक्यांत आणणाऱ्या जनावराविषयीं अधिकाऱ्याच्या लेखी आज्ञेनेंच बंदूक उचलतां येते. परंतु अर्ज, पंचनामा आणि आज्ञा होईपर्यंत हंगाम निघून जातो. मग कोणी कुंपणाच्या तारेंत चोरून वीज सोडतो. २०१७ च्या ऑक्टोबरांत कारंजा तालुक्यांत सिंदीविहिरीजवळ अशाच तारेनें एक वाघीण मेली. अशा तारांनीं गुरें मेलीं आहेत, माणसेंही मेलीं आहेत.

श्रोतेहो, मला शिकारीचे दिवस परत नको आहेत. ज्या सेवाग्रामानें जगाला अहिंसेचा विचार दिला, त्याच्या छायेंत मी वाढलों. परंतु त्या जुन्या शिकाऱ्यापुढें चार प्रश्न असत : समोर कोण आहे, किती दूर आहे, त्याच्या मागें काय आहे, आणि मला अधिकार आहे काय. विजेची तार यांपैकीं एकही प्रश्न विचारीत नाहीं. कास्तकाराचें पीक वेळेवर राखण्याची, आणि बुडालेल्या पिकाची भरपाई वेळेवर देण्याची जबाबदारी आपण शहरवासी जोंवर उचलीत नाहीं, तोंवर रान वांचविल्याचें पुण्य आपल्या पदरीं आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या शेतांत, असाच हा हिशेब राहील. त्या मुलाला मीं दुसऱ्या दिवशीं कागदी काडतुसाचें चित्र फळ्यावर काढून दाखविलें होतें. हा उरलेला धडा मात्र त्या वेळीं सांगावयाचा राहून गेला होता. तो आज सांगितला.