‘मॅच’ची कुळकथा

अमेरिकेत मेडिकलच्या शेवटच्या वर्षाची मुलं मार्चमधल्या तिसऱ्या शुक्रवाराकडे डोळे लावून बसलेली असतात. पुढची तीन ते सात वर्षं कुठल्या शहरात, कुठल्या रुग्णालयात रेसिडेन्सी करायची, हे त्या दिवशी कळतं. मिळते ती एकच जागा आणि पसंतीची यादी देतानाच ती स्वीकारण्याचा शब्द दिलेला असतो. या पद्धतीला तिकडे ‘मॅच’ म्हणतात.

तिचा जन्म पळवापळवीतून झाला. 1940च्या दशकात इंटर्नच्या जागा भरपूर होत्या आणि विद्यार्थी कमी. चांगला मुलगा दुसऱ्याने गाठण्याआधी आपण गाठावा, म्हणून रुग्णालयं निवड अलीकडे खेचत गेली. 1944पर्यंत पदवीला दोन वर्षं बाकी असतानाच जागा ठरू लागल्या. आपल्याला सर्जरी आवडते की बालरोग, हे त्या वयात कुणाला कळणार? अखेर महाविद्यालयांनी ठरवलं की ठराविक तारखेआधी गुणपत्रिका आणि शिफारसपत्रं द्यायचीच नाहीत. तारीख पाळली गेली, पण घिसाडघाई संपली नाही. दुसऱ्या पसंतीची जागा हातात असलेल्या मुलाला पहिलीसाठी थांबायचं असे, आणि रुग्णालयाला उत्तर ताबडतोब हवं असे. 1945मध्ये विचाराला दहा दिवस मिळत. 1949मध्ये बारा तासही जास्त ठरले.

मग शिकागो विद्यापीठाच्या एफ. जे. मलिन यांनी सुचवलं की दोन्ही बाजूंनी आपापले पसंतीक्रम एका मध्यवर्ती कार्यालयाकडे द्यावेत. चाचणीही झाली. पण त्या हिशेबातली खोच विद्यार्थ्यांनी पकडली. आवाक्याबाहेरचं रुग्णालय पहिलं लिहिलं आणि ते हुकलं, तर दुसऱ्या पसंतीचंही हातचं जाण्याची भीती होती. म्हणजे खरं लिहिणाऱ्याला शिक्षा! हार्वर्डचा विद्यार्थी हार्डी हेंड्रन आणि त्याच्या सोबत्यांनी आवाज उठवला, आणि 1951मध्ये पद्धत बदलली. मला या कथेतला सगळ्यात मोलाचा भाग हाच वाटतो.

1952च्या पहिल्या फेरीत सुमारे सहा हजार विद्यार्थी होते आणि जागा दहा हजारांवर. नव्या हिशेबात रुग्णालय आपल्या यादीतल्या वरच्या मुलांना जागा देऊ करी. मुलगा त्यातली सगळ्यात आवडती तात्पुरती धरून ठेवी आणि बाकीच्या सोडी. सुटलेली जागा यादीतल्या पुढच्याकडे जाई. शेवटी अशी एकही जोडी उरत नसे, जिला मिळालेल्यापेक्षा एकमेकं जास्त हवीत. मग पाठीमागून फोन करून कुणाला काय मिळणार? नियमांनी जे साधलं नव्हतं, ते यामुळे साधलं.

1962मध्ये डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी महाविद्यालयीन प्रवेश आणि लग्नं जुळवण्यावर एक छोटा लेख लिहिला (आपल्या वधूवरसूचक मंडळांनीही वाचावा असा). तीच रीत रुग्णालयांत दहा वर्षं चालू आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. दोन्हीचं नातं 1984मध्ये अर्थशास्त्रज्ञ ॲल्विन रॉथ यांनी दाखवलं. रॉथ आणि शॅप्ली यांना 2012मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गेल तोवर हयात नव्हते.

1951च्या हिशेबात पुढाकार रुग्णालयाचा होता, म्हणून पारडं किंचित तिकडे झुकलेलं. रॉथ आणि त्यांचे सहकारी इलियट पेरनसन यांनी तो उलटवला आणि 1998पासून मागणी विद्यार्थ्याकडून सुरू होते. फरक हजारात एखाद्यालाच पडतो, पण विश्वासासाठी तो हवा होता. नवराबायको दोघंही डॉक्टर असले की मात्र गणित अडखळतं; तिथे निर्दोष जुळणी निघेलच याची हमी नाही.

तक्रारीही झाल्या. मॅचमुळे रेसिडेंटांचे पगार दबतात, असा दावा 2002मध्ये कोर्टात गेला. 2004मध्ये अमेरिकी काँग्रेसने मॅचला स्पर्धाविषयक कायद्यातून संरक्षण दिलं, तेही चक्क पेन्शनच्या एका कायद्यात कलम घुसवून.

आपल्याकडे नीट-पीजीचा रँक ठरला की रुग्णालयाला मत उरत नाही. तिथे मुलाखत घेणाऱ्यांचीही यादी असते. तेव्हा घरातलं कुणी अमेरिकेची यादी भरत असेल, तर ‘आपल्याला कोण घेईल’ याचे अंदाज बांधत बसू नका. जे मनापासून हवं, तेच वर लिहायला सांगा. ते हुकलं तरी खालच्या पसंतीला धक्का लागत नाही.