एका दिवसाचा महाराजा

नगराध्यक्षांच्या, नगरसेवकांच्या आणि सरपंचांच्या विभागवार परिषदा अलीकडे बऱ्याच भरतात. मांडव पडतो, शाल-श्रीफळ होते, आणि 'नियोजनापुढील आव्हाने' या विषयावर दोन दिवस बोलणे चालते. पाणी, गटारे, कचरा, रस्ते, वाढती वस्ती ही सारी आव्हाने खरीच आहेत, तेव्हा या परिषदांची थट्टा करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. मात्र एक गोष्ट त्या मांडवात क्वचितच निघते. शहराचा आराखडा तयार झाला की कायद्याप्रमाणे तो लोकांना पाहायला ठेवतात, हरकती व सूचना मागवतात. आणि नागरिक तेथे जातो तो आपल्या घरावरून रस्त्याची रेघ गेली आहे की काय, एवढेच पाहायला. गेली नसेल तर निश्चिंत मनाने घरी येतो आणि चहा मागवतो. बाकीच्या नकाशाशी त्याला कर्तव्य नसते. शहर त्याचे असते, नकाशा सरकारचा असतो.

आणि तरीही आपल्याच देशात, मराठी माणसांनी भरलेल्या एका शहरात, सुमारे शंभर वर्षांपूर्वी शहराच्या नकाशाची दिवाळीत मिरवणूक निघाली होती. दाराला तोरणे लावून लोक ती पाहायला उभे होते. ते शहर इंदूर, आणि ती मिरवणूक काढणारा होता पॅट्रिक गेडीस नावाचा पांढऱ्या दाढीचा एक स्कॉटिश प्राध्यापक.

या गोष्टीचे मोल कळायचे तर थोडे मागे गेले पाहिजे. 1896 साली मुंबईत मांडवी भागात प्लेग आला. तो प्रथम ओळखला मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. पुढच्या पाव शतकात या रोगाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या गोष्टींतून गाव सोडून रानात झोपड्या घालून राहण्याचा प्रसंग येतो, तो याच काळातला. पुण्याला 1897 साली काय झाले हे मराठी वाचकाला सांगायला नको. गोरे शिपाई घरात शिरले, सामानसुमान रस्त्यावर आले, बायाबापड्यांची अब्रू राहिली नाही, आणि 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरांच्या पिस्तुलाने रँडला उत्तर दिले. त्याच पुण्यात त्याच वर्षी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता वारल्या. मुंबईत सरकारने 1898 साली शहर-सुधारणेसाठी ट्रस्ट स्थापन केला. त्याने दाट वस्त्या पाडल्या आणि रुंद रस्ते काढले. पण ज्यांची घरे गेली ती गरीब माणसे काही हवेत विरली नाहीत, ती शेजारच्या चाळींत आणखी दाटीने कोंबली गेली. म्हणजे गर्दी मोडायला निघालेल्यांनी गर्दी शेजारच्या गल्लीत सरकवली. आजही अनेक शहरांचे 'सुशोभीकरण' याच मार्गाने चालते, हे जाता जाता सांगितलेले बरे.

हेतू दोन्हीकडे वाईट नव्हता. रोग हटवायचा होता. पण पुण्यात शहर म्हणजे शत्रूचा किल्ला समजून वागले गेले, आणि मुंबईत शहर म्हणजे पाटीवरचे चित्र, पुसावे आणि पुन्हा काढावे!

आता गेडीससाहेबांकडे वळू. यांचा जन्म 1854 सालचा, स्कॉटलंडातला. विषय वनस्पतिशास्त्र. लंडनला हक्सलेसारख्या गुरूच्या हाताखाली शिकले, पण विद्यापीठाची पदवी म्हणून त्यांनी कधी घेतली नाही, आणि तरीही डंडीच्या कॉलेजात तीस वर्षे प्राध्यापक राहिले. (माझ्यासारख्या मॅट्रिकवर थांबलेल्या मास्तराला हे वाचून जरा बरे वाटले, हे लपवत नाही.) 1879 साली संशोधनासाठी मेक्सिकोला गेले असता त्यांची दृष्टी काही काळ गेली. डोळ्यांवर पट्टी बांधून अंधाऱ्या खोलीत पडून राहावे लागले. तेथे कागदाला घड्या घालून, त्या घड्यांचे चौकोन बोटांनी चाचपून ते विचारांची मांडणी करू लागले. ही कागदाच्या घड्यांची सवय त्यांना जन्मभर राहिली. डोळे परत आले, पण सूक्ष्मदर्शकावर फार वेळ वाकणे आता जमेना. मग वनस्पतीवरून त्यांचे लक्ष वळले माणसांच्या वस्तीकडे. झाड जसे माती, पाणी, ऊन यांतून वाढते तसे गावही वाढते, हे त्यांच्या मनाने घेतले.

लग्न झाल्यावर या गृहस्थाने काय करावे? एडिंबरोच्या जुन्या, कुबट, गलिच्छ वस्तीत बिऱ्हाड केले. बायको ॲना हिच्यासह भिंतींना रंग दिला, खिडक्यांत फुलझाडे लावली, शेजाऱ्यांना हाताशी धरले आणि एकेक घर दुरुस्त करीत ती वस्ती राहण्याजोगी केली. पाडापाड जेथे टळेना तेथेच केली. पुढे त्यांनी याला जपून केलेली शस्त्रक्रिया असे नाव दिले. डॉक्टर जसा बोट सडले म्हणून हात कापत नाही, तसे एक पडके घर आहे म्हणून सबंध आळी झोपवू नये. पडके घर काढा, त्या जागेत मोकळे अंगण करा, झाड लावा, बोळ थोडा वळवा. पण त्याआधी रोग्याची नाडी पाहा. आधी निदान, मग उपचार, हा त्यांचा हेका होता, आणि निदान कचेरीत बसून होत नाही, ते पायांनी होते.

1914 साली मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी त्यांना बोलावले. नगररचनेचे एक मोठे प्रदर्शन, नकाशे आणि चित्रे मिळून, जहाजाने निघाले. ते जहाज 'एम्डेन' या जर्मन लढाऊ जहाजाने बुडवले. आयुष्यभराचा संग्रह समुद्राच्या तळाशी गेला. मित्रांनी धावाधाव करून दुसरा संग्रह जमवून पाठवला आणि 1915 च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरले. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला, देशातला असा पहिला. त्यानंतरची काही वर्षे हे साहेब गावोगाव हिंडत होते, नगरपालिकांना आणि संस्थानिकांना अहवाल लिहून देत होते. भल्या पहाटे उठून ते बोळाबोळांतून पायी फिरत. कोठे विहिरीला पाणी आहे, कोणत्या पारावर म्हातारे बसतात, कोणत्या मोरीपाशी पोरे खेळतात, हे सारे त्यांच्या नकाशात यायचे. तळी बुजवा म्हणजे डास जातील असे इंजिनियर सांगत. हे म्हणत, तळी स्वच्छ ठेवा, त्यांत मासे सोडा, तळ्यामुळे गावाला गारवा आहे. आज आपण पाण्याच्या टँकरमागे धावताना त्यांचे म्हणणे आठवावे.

1917 हे साल त्यांना फार वाईट गेले. वसंत ऋतूत थोरला मुलगा अलास्डेर फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. ॲना इकडे हिंदुस्थानात आजारी होती. तिला ही बातमी कळू न देता तिच्या उशाशी बसण्याची वेळ नवऱ्यावर आली, आणि काही आठवड्यांत तीही गेली. असा साठी उलटलेला, घर मोडलेला माणूस होळकरांच्या दरबारासाठी इंदूरच्या कामाला लागला.

गादीवर तिसरे तुकोजीराव होते. कापडगिरण्या निघाल्या होत्या, मजूर येत होते, खान आणि सरस्वती या दोन्ही नद्यांच्या काठी दाटी वाढत होती, आणि प्लेग होता. साहेब आपल्या सवयीने हातात नकाशा घेऊन गल्ल्यांतून हिंडू लागले. पण लोक त्यांना पाहून दारे लोटून घेत. गोरा साहेब नकाशा घेऊन आला म्हणजे घर पाडणार, असा अनुभव गावोगाव होताच. येथे तर हाच म्हातारा प्लेग आणतो अशी वदंता उठली. वीस वर्षांपूर्वीच्या पुण्याची सावली म्हणायची ती हीच.

रँडजवळ यावर शिपाई हा उपाय होता. गेडीससाहेबांनी दरबाराकडे वेगळेच मागणे केले. मला एका दिवसापुरते महाराज करा, म्हणाले! दिवाळीचा दिवस मागून घेतला. हा सारा वृत्तांत मुख्यतः त्यांच्याच तोंडचा आहे, आणि गडी बोलका होता, तेव्हा रंग थोडा गडद झाला असेल असे धरूनच वाचावे. पण गोष्ट मुळात मोठी आहे.

दवंडी अशी पिटली की यंदा दिवाळीला नव्या तऱ्हेची मिरवणूक निघेल, आणि ती नेहमीच्या हिंदूंच्या किंवा मुसलमानांच्या मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यावरची घरे सर्वांत अधिक झाडलोट केलेली आणि डागडुजी केलेली असतील, त्या रस्त्याने ती जाईल. घरातला कचरा फुकट उचलला जाईल. झाले! मिरवणूक आपल्या दारावरून जावी असे कोणाला वाटत नाही? आळीआळीत चढाओढ लागली. पोतेरे फिरले, चुना लागला, माळ्यावरच्या अडगळी खाली आल्या, पिढ्यानपिढ्यांचे उकिरडे उपसले गेले. सहा हजारांवर गाड्या कचरा निघाला आणि हजारो उंदीर पिंजऱ्यांत सापडले. दिवाळीपूर्वीची साफसफाई आपल्या बायका दरसाल करतातच. साहेबांनी नवीन असे काही सांगितलेच नाही. जे घराच्या उंबऱ्याशी थांबत होते ते त्यांनी रस्त्यावर आणले, एवढेच.

मिरवणुकीच्या पुढे संस्थानचे घोडेस्वार, हत्ती, उंट. मागून धान्याचे आणि कापसाचे वैभव. मग एकदम वाद्यांचा सूर बदलला, रडका झाला, आणि पडक्या घरांची सोंगे, वाघ, राक्षस, रोगांची भुते आली. त्यांच्या मागे घाणीचा प्रचंड राक्षस, रावणासारखा. आणि त्याच्यासोबत प्लेगचा भलामोठा उंदीर. पोरे किंचाळली असतील. रँडच्या शिपायांना जे समजावता आले नाही, ते त्या कागदी उंदराने शेंबड्या पोरालाही समजावले.

थोडी जागा मोकळी सोडून पुन्हा आनंदाचे सूर सुरू झाले, आणि आले शहराचे झाडूवाले. अंगात स्वच्छ पांढरे कपडे, डोक्याला नवी पागोटी, हातात नवे झाडू, गळ्यात झेंडूच्या माळा. कचऱ्याच्या गाड्या रंगवलेल्या, बैलांची शिंगे रंगवलेली. त्यांच्या पागोट्यांचा रंग नगराच्या अधिकाऱ्यांच्या पागोट्यांचाच होता. ज्यांची सावली टाळायची त्यांना शहराने हार घातलेले पाहिले. त्यांच्यामागून नगरपालिकेची मंडळी, आणि मग एका उंच रथावर नवीच देवी बसलेली: इंदूर नगरी. तिच्याबरोबर तिच्या होणाऱ्या रूपाचा आराखडा. मागच्या गाड्यांवर व्हायच्या इमारतींच्या, घरांच्या, बागांच्या प्रतिकृती, निरनिराळ्या कारागिरांचे देखावे. शेवटी फळाफुलांच्या गाड्या, आणि लोकांना वाटायला तुळशीची हजारो रोपे. अंधार पडला तसा घाणीचा राक्षस आणि तो उंदीर यांना आग लावली, आणि वर दारूकाम उडाले.

प्लेग ओसरला. ऋतूही सरत आला होता, त्याला त्याचा वाटा द्यावा, हे स्वतः साहेबही मान्य करीत. पण त्या दिवसानंतर ते गल्लीत शिरले की दारे लोटली जात नव्हती.

मला या कथेत दोन गोष्टी खुपतात. हे घडले ते राजाच्या हुकमाने, एका दिवसाच्या का होईना महाराजाने घडवले. आमच्या नगराध्यक्षाला दिवाळीच्या मिरवणुकीचा मार्ग बदलायचा म्हटले तर आधी सर्वसाधारण सभा, मग स्थगिती, मग कोर्ट! हुकमाची सोय लोकशाहीत नाही, आणि नसावीच. दुसरी गोष्ट झाडूवाल्यांची. एक दिवस पांढरे कपडे आणि झेंडूची माळ. दुसऱ्या दिवशी तीच टोपली आणि तोच झाडू. हाताने मैला उचलण्याच्या कामाला या देशात कायद्याने बंदी घालायला 1993 साल उजाडले, आणि पुन्हा 2013 साली कडक कायदा करावा लागला, तरी गटारात उतरून माणसे मरण्याचे थांबलेले नाही. मिरवणुकीने मान मिळाला. मजुरी, घर आणि काम बदलायची सोय मिरवणुकीने मिळाली नाही.

पण एक खरे. 1918 साली इंदूरच्या दरबाराला त्यांनी जो दोन खंडांचा अहवाल दिला, त्याची पाने कोरडी नाहीत, कारण तो लिहिणाऱ्याने त्या गल्ल्यांतली माणसे पाहिली होती. मोठमोठ्या नळांची खर्चिक गटारयोजना करण्यापेक्षा सांडपाणी बागांना आणि मळ्यांना द्यावे, नद्यांचे काठ मोकळे आणि हिरवे ठेवावेत, गिरणीमजुरांना अंगणाची घरे द्यावीत, शहराला स्वतःचे विद्यापीठ असावे, असे त्यांत होते. विद्यापीठ इंदूरला 1964 साली निघाले. नद्यांची मात्र पुढे गटारे झाली. 2017 पासून देशातले सर्वांत स्वच्छ शहर म्हणून इंदूरचे नाव वर्षानुवर्षे पहिले लागले, ते दारोदार कचरा गोळा करण्याच्या कामामुळे; त्या यशाचे नाते या जुन्या दिवाळीशी जोडण्याचा मोह मी आवरतो. अनंत चतुर्दशीला गिरणीकामगारांच्या झांक्या पाहायला मात्र ते शहर अजून रात्रभर जागते.

गेडीससाहेब 1919 साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होऊन आले. मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्यांना पुढच्या अभ्यासासाठी विलायतेला पाठवले ते त्यांच्याच शिफारशीने. आणि 1924 साली त्या विभागाची धुरा घुर्यांकडेच आली. तोवर साहेबांची प्रकृती खालावली होती. ते फ्रान्समध्ये माँपेलिएला गेले, तेथे विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह बांधू लागले, भोवती बाग केली, आणि 1932 साली तेथेच वारले.