त्वचापेशी : अतिनील किरणांपासून संरक्षण

उन्हातील अतिनील (जुन्या ग्रंथांत ‘जंबुपार’) किरणांनी पेशीतील डीएनए बिघडू नये, बिघडल्यास सुधारावा आणि न सुधारल्यास ती पेशीच नाहीशी व्हावी, यासाठी त्वचेत असलेली व्यवस्था.

बिदर शहरालगतचे नौबाद सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर, जवळपास ७०० मीटर उंचीच्या जांभ्या पठारावर आहे. तिथे सूर्य वर्षातून दोनदा ऐन माथ्यावर येतो : मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या आरंभी. मेच्या उन्हाला सगळेच जपतात. दुसरी वेळ मात्र खुरपणीच्या दिवसांत येते. आभाळ असते, चटका बसत नाही, म्हणून कुणी काळजी करत नाही. पण विरळ ढगांतून हे किरण बरेचसे खाली उतरतात आणि वाकलेल्या बाईच्या मानेवर, हातांवर दिवसभर पडत राहतात.

यांतले २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण डीएनएला थेट इजा करतात. एकाच धाग्यावर शेजारी असलेले दोन थायमिन एकमेकांना चिकटतात आणि तिथे डीएनएची नक्कल अडते. पी-५३ हे प्रथिन मग पेशीचे विभाजन थांबवते. तेच रंगपेशींना निरोप जाण्याची व्यवस्थाही करते : त्याच्यामुळे बाह्यत्वचेच्या पेशी एक संप्रेरक सोडतात आणि रंगपेशी मेलॅनिन तयार करू लागतात.

एक रंगपेशी आपल्या फांद्यांमधून आसपासच्या तीसचाळीस पेशींना मेलॅनिनचे कण पुरवते. हे कण पेशीत कुठेही विखरून राहत नाहीत. पावसात पोत्याची खोळ डोक्यावर घ्यावी तसे ते केंद्रकाच्या वर, उन्हाच्या बाजूला जमतात आणि खालचा डीएनए झाकतात. यालाच आपण रापणे म्हणतो. चोळीची बाही संपते तिथे दंडावर दिसणारी रेषा ही या झाकणाची सीमा. लग्न ठरवताना ‘उन्हाने काळी पडली’ म्हणून जिला नावे ठेवतात, तिची त्वचा स्वतःला वाचवत असते. तो रंग मलमांनी उतरवणे म्हणजे हे झाकण काढणे होय. अर्थात रापण्याआधी इजा झालेली असतेच आणि झाकणही पुरेसे नसते. पदर, रुमाल, लांब बाह्या हव्यातच.

दुरुस्तीत बिघडलेल्या जागेसह डीएनएचा सुमारे तीस घटकांचा तुकडा कापला जातो आणि समोरच्या धाग्यावरून नवा विणला जातो. चिकटलेल्या थायमिनांपैकी निम्मे सुटायलाच साधारण एक दिवस लागतो. तोवर दुसऱ्या दिवशीचे ऊन आलेले असते. शेजारच्या ज्वारीच्या पानाला हे सोपे जाते. त्यातले फोटोलायेज हे विकर उजेडाच्याच बळावर ती जोडी सोडवते. माणसाकडे ते विकर नाही. फारच बिघडलेली पेशी स्वतःहून मरते. ऊन बाधल्यावर कातडीचे पापुद्रे निघतात ते यामुळेच.

ही कापून जोडण्याची क्रिया जन्मतःच अपुरी असली तर झिरोडर्मा पिगमेंटोसम हा आजार होतो. त्यामागचा दुरुस्तीतला दोष जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखवला. दोष आईवडील दोघांकडूनही आला तरच आजार उमटतो. म्हणून मामाच्या मुलीशी किंवा मामा-भाचीत लग्ने होणाऱ्या घराण्यांत त्याचा संभव वाढतो. बहुधा दुसऱ्या वर्षाच्या आतच उघड्या त्वचेवर तीळवजा ठिपके येतात आणि उन्हापासून जपले नाही तर दहाव्या वर्षाच्या आतही त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. अशा मुलाला दिवसा पूर्ण बाह्यांचे कपडे, काळा चष्मा आणि खिडकीला पडदा लागतो. अंगणातले खेळणे दिवस मावळल्यावर.