मजुरीची सामूहिक बोलणी (बुलढाणा जिल्हा)

मजुरांनी एकेकट्याने न बोलता टोळीने किंवा संघटनेमार्फत मजुरीचा दर ठरवून घेण्याची रीत. बुलढाणा जिल्ह्यात ती मुख्यतः कापूस-धान्याच्या बाजाराभोवती वाढली. कारखान्यांतील वेतनकरार हा तिचा लहान भाग होय. मालक व मजूर यांच्या भूमिका येथे कामगार कायद्यापेक्षा हंगामाने अधिक घडवल्या आहेत.

बाजार समित्या व हमाल : एकोणिसाव्या शतकात खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची प्रमुख पेठ होती. जलंब–खामगाव लोहमार्गाचे उद्‌घाटन १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते झाले. वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने (१८९७) पेठेचा कारभार समितीकडे दिला. तीत व्यापारी व नगरपालिकेचे सदस्य असत, शेतकऱ्याला जागा नव्हती. राज्याच्या १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन अधिनियमाखाली शेतकऱ्याबरोबर हमाल-मापाडी यांनाही प्रतिनिधित्व आहे. समितीच्या १८ संचालकांत सेवा सहकारी संस्थांचे ११, ग्रामपंचायतींचे ४, अडते-व्यापाऱ्यांचे २ आणि हमाल-मापाड्यांचा १ असतो.

ही एक जागा दिसायला लहान असली तरी असंघटित मजुराला दरासंबंधी अधिकृतपणे बोलता येईल अशी दुसरी जागा जिल्ह्यात क्वचितच आहे. मात्र माल उतरवण्याची हमाली व तोलाई सर्वसाधारणपणे शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जाते. त्यामुळे दरवाढीचा भार प्रथम शेतकऱ्यावर पडतो, आणि समितीत बहुमत त्याच्याच प्रतिनिधींचे असते. अडत्याला वाढ फारशी जड जात नाही. त्याचा आक्षेप काम थांबण्याला असतो. हमालांच्या दृष्टीने संघटना ही निवडीची बाब नाही, कारण टोळीची कमाई एकत्र येते व वाटून घेतली जाते. एकट्याचा दर असा काही नसतोच. हंगामात आवार मालाने भरलेले असताना काम बंद ठेवणे हे त्यांचे खरे बळ.

महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम १९६९ चा. त्यानुसार मालकाला मजुरी माथाडी मंडळाकडे भरावी लागते आणि तिच्यावर लेव्ही द्यावी लागते. व्यापाऱ्यांचा विरोध लेव्हीला व टोळी निवडण्याच्या हक्कावर येणाऱ्या बंधनाला आहे. हमालांना भविष्यनिर्वाह निधी व बुडणार नाही अशी मजुरी महत्त्वाची वाटते.

जिनिंग-प्रेसिंग : रेच्यावर (सरकी काढण्याच्या यंत्रावर) कापूस टाकण्याचे काम बहुधा स्त्रिया करतात, गाठी बांधणारी टोळी गाठीमागे दर घेते. मालक ठेकेदाराशी बोलतो, ठेकेदार मजुरांशी. म्हणून दराची बोलणी होतात, पण मालक त्यांत समोर नसतो. कायद्यानेही हंगामी मजुराला कमी धरले आहे. कर्मचारी राज्य विमा कायद्यातून (१९४८) केवळ सरकी काढणारे व गाठी बांधणारे हंगामी कारखाने वगळले गेले. औद्योगिक विवाद कायद्यातील तात्पुरत्या कामबंदीच्या (ले-ऑफ) भरपाईची तरतूद त्यांना लागू नव्हती. उपदानाचा हिशेब १९७२ च्या कायद्याने वर्षाला १५ दिवसांऐवजी हंगामाला ७ दिवसांचा ठेवला. पुढच्या हंगामात बोलावणे येईल की नाही, याची खात्री नसलेल्या मजुराने उघडपणे संघटनेत जाणे टाळले तर तो संघटनेबद्दलचा निरुत्साह म्हणता येणार नाही.

शेतमजुरी : कापसाची वेचणी किलोमागे आणि सोयाबीनची सोंगणी एकरी गुत्त्याने ठरते. बोलणी टोळीची मुकादमीण करते. नोंदणीकृत संघटना सहसा नसते. शेंगा तडकू लागल्या किंवा पावसाचे चिन्ह दिसले की पारडे टोळीकडे झुकते. आपल्या गावात दर फोडणाऱ्या शेतकऱ्यावर इतर शेतकऱ्यांचा रोष असतो. दोन्ही बाजूंनी एकी केली तरी ती हंगामापुरतीच टिकते, असे दिसते.

सालदारी : वर्षाचा ठराव व उचल, बोलणी वैयक्तिक.

एस.टी. : २०२१-२२ च्या राज्यव्यापी संपात कर्मचाऱ्यांनी वेतनकराराऐवजी शासनात विलीनीकरण मागितले. नोव्हेंबर २०२१ मध्ये मूळ वेतनात सेवाकालानुसार २,५०० ते ५,००० रुपये वाढ जाहीर होऊनही संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला.

औद्योगिक वसाहती : लेखी करार मोठ्या कारखान्यांपुरते.

नवी संहिता : औद्योगिक संबंध संहिता (२०२०) २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. तिच्यानुसार, एकाहून अधिक संघटना असतील तेथे ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकमेव वाटाघाटकर्ती ठरते. मान्यताप्राप्त संघटनांविषयीच्या राज्याच्या १९७१ च्या कायद्याशी तिचा मेळ कसा घालावा, यावर मतभेद आहेत.